ऊस नसलेल्या तालुक्यातली घराणी

महाराष्ट्रातल्या घराणेशाहीचे एक ठरलेले स्पष्टीकरण आहे. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था एका घराच्या ताब्यात आल्या की आमदारकी आपोआप त्या घरात येते, असे ते स्पष्टीकरण. पश्चिम महाराष्ट्रापुरते ते बरेचसे खरे आहे. पण ते पुरेसे आहे का, हे तपासायचे तर ऊस नाही अशा ठिकाणी जावे लागते. ठाणे जिल्ह्यातली भिवंडी त्यासाठी योग्य आहे. इथे यंत्रमाग आहेत, अंजूर, माणकोली, काल्हेरच्या पट्ट्यात मैलोन् मैल गोदामे आहेत आणि एकेकाळी गाव असलेली टेमघर, कामतघर, नारपोली ही ठिकाणे आता महापालिकेच्या हद्दीत आहेत. सहकारी साखर कारखानदारी या जिल्ह्यात कधी रुजलीच नाही. तरीही टेमघरच्या मतदाराने नकाशावर चहूबाजूंना बोट फिरवले तर कल्याण, नवी मुंबई, वसई, पालघर अशी एकामागून एक घराणी सापडतात. घराणे उसामुळे जन्मत नसेल तर कशामुळे जन्मते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की सार्वजनिक गोष्टींचे वाटप जिथे मोजक्या हातांत असते आणि उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षातल्या कुणालाच जाब देत नाही, तिथे घराणे तयार होते. जुन्या सरंजामी मनोवृत्तीचा किंवा मतदाराच्या भोळेपणाचा त्यात फार थोडा भाग असतो.

आधी व्याप्ती पाहू. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स म्हणजे एडीआर या संस्थेने २०२५ मध्ये देशभरच्या खासदार-आमदारांची कौटुंबिक पार्श्वभूमी तपासली. पाच हजारांहून अधिक लोकप्रतिनिधींपैकी २१ टक्के राजकीय कुटुंबांतले निघाले. लोकसभेत हे प्रमाण ३१ टक्के होते. मोठ्या राज्यांत आंध्र प्रदेश ३४ टक्क्यांवर होता आणि महाराष्ट्र ३२ टक्क्यांवर. ज्या राज्याने स्वतःला पुरोगामी म्हणवून घेतले, ते उत्तर प्रदेशाच्या २३ टक्क्यांपेक्षा बरेच पुढे आहे. सरंजामी अवशेषांच्या सिद्धान्ताला पहिला तडा इथेच जातो. जमीनदारी आणि तालुकदारीचा इतिहास उत्तर प्रदेशाचा अधिक जड आहे, रयतवारीचा महाराष्ट्राचा. मग घराणी इथे जास्त का? पॅट्रिक फ्रेंच यांनी २००९च्या लोकसभेचा असाच हिशेब मांडला होता. त्यांचा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष वयाबद्दलचा होता: त्या सभागृहातला तिशीच्या आतला प्रत्येक खासदार राजकीय कुटुंबातून आलेला होता आणि चाळिशीच्या आतल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक. राजकारणात ‘तरुण नेतृत्व’ म्हणून ज्याचे कौतुक होते, ते बहुतेक वेळा वारसच असते. ज्याच्या मागे घर नाही तो तिथे पोहोचतो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात.

महाराष्ट्रातली सत्ताधारी घराणी जुनी आहेत हा समजही इतिहासापुढे टिकत नाही. साताऱ्याचे भोसले, फलटणचे नाईक निंबाळकर असे अपवाद सोडले तर आजची बहुतेक मोठी नावे गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या संस्थांमधून वर आली. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे गावच्या साध्या शेतकरी कुटुंबातले. त्यांच्या काळात १९६०चा सहकारी संस्था कायदा आणि १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला. सत्ता मुंबईच्या बाहेर, गावातल्या शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत नेण्याचा तो प्रामाणिक आणि मोठा प्रयत्न होता, आणि पहिल्या पिढीत तो यशस्वीही झाला. त्याआधीच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला होता. शेअर विकत घेणारे हजारो सामान्य उत्पादक होते. पुढे त्याच कुटुंबात बाळासाहेब, राधाकृष्ण आणि सुजय अशी सत्ता पिढी दर पिढी गेली. अकलूजला शंकरराव मोहिते पाटलांपासून विजयसिंह आणि आता धैर्यशील, सांगलीत वसंतदादांपासून प्रकाशबापू आणि विशाल. यशवंतरावांच्या मागे मूल नव्हते, त्यामुळे त्यांचे घराणे झाले नाही. पण त्यांनी रचलेल्या जाळ्यातून इतरांची घराणी भराभर उभी राहिली, यावरून दोष कुठल्या एका माणसाच्या पुत्रप्रेमात नाही हे दिसते. लोकांना सत्ता देण्यासाठी संस्था निघाल्या, त्या संस्थांमध्ये पदाला मुदत आणि खांदेपालटाची सक्ती नव्हती, आणि अध्यक्षपद हळूहळू घरातल्या कपाटात गेले. जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये नेमके हेच सांगितले होते: संघटना कितीही लोकशाहीवादी असो, तिचा कारभार मूठभरांच्या हाती जातो, कारण माहिती, पैसा आणि नेमणुका त्यांच्याकडे साचतात. मिशेल्स यांनी त्याला लोहनियम म्हटले, मला ते पटत नाही. लोखंड वितळते. पण त्यासाठी काय करावे लागते ते सांगण्याआधी भिवंडीच्या शेजाऱ्यांकडे पाहू.

नवी मुंबईत गणेश नाईक, त्यांचे पुत्र संजीव हे शहराचे पहिले महापौर आणि नंतर ठाण्याचे खासदार, दुसरे पुत्र संदीप दोनदा ऐरोलीचे आमदार, पुतणे सागर महापौर. नाईक शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि तिथून भाजपमध्ये गेले, पण नवी मुंबईतला त्यांचा दबदबा टिकला. २०२४ मध्ये वडील ऐरोलीत भाजपचे उमेदवार होते आणि संदीप बेलापुरात शरद पवारांच्या पक्षाचे. वसई-विरारमध्ये हितेंद्र ठाकूर १९९० पासून आणि पुत्र क्षितिज २००९ पासून. कल्याणमधून एकनाथ शिंदे यांचे पुत्र श्रीकांत २०१४ पासून सलग तीनदा खासदार. कल्याण पूर्वेत गणपत गायकवाड यांच्या जागी २०२४ मध्ये पत्नी सुलभा. उल्हासनगरात पप्पू कलानी यांच्यानंतर ज्योती कलानी. भिवंडी ग्रामीणचे एकेकाळचे आमदार विष्णू सवरा यांचे पुत्र हेमंत २०२४ पासून पालघरचे खासदार. शहापुरात महादू बरोरा यांच्यानंतर पांडुरंग बरोरा. या यादीत काँग्रेस, शिवसेना, भाजप, राष्ट्रवादी आणि स्थानिक आघाडी, सगळे आहेत. आगरी आहेत, आदिवासी आहेत, सिंधी आहेत, मराठा आहेत. एकाच पक्षाला किंवा एकाच जातीला घराणेशाहीचा दोष लावणाऱ्यांनी ही यादी दोनदा वाचावी.

उसाची जागा इथे कशाने घेतली? जमिनीने आणि परवानगीने. ठाणे पट्ट्यात गेल्या चाळीस वर्षांत शेतजमिनीचा बिनशेती भूखंड झाला आणि भूखंडाची इमारत किंवा गोदाम झाले. या प्रत्येक पायरीवर एक सही लागते: ग्रामपंचायतीचा दाखला, महापालिकेचा नकाशा, एमएमआरडीएची मंजुरी, बांधकाम अनधिकृत ठरले तर त्यावरच्या कारवाईला स्थगिती. पाणी हे याहून मोठे उदाहरण. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलले जाते आणि टेमघरला शुद्ध होते. या दोन गावांच्या नावावरूनच ‘स्टेम’ हे पाणीपुरवठा प्राधिकरणाचे नाव पडले. तिथून ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि आसपासच्या गावांना जाते. पाण्याचा कोटा, नव्या जोडण्या, टँकर, जलवाहिनीचे कंत्राट, यांतला प्रत्येक निर्णय सार्वजनिक आहे; पण नागरिकाला तो हक्क म्हणून मिळत नाही, ‘साहेबां’च्या शब्दावर मिळतो. कारखान्याचा चेअरमन उसाला तोड कधी द्यायची ते ठरवतो आणि शहरातला नेता नळाला पाणी कधी द्यायचे ते. दोघांची सत्ता एकाच जातीची आहे. ती एका माणसाभोवती बांधलेली असते, ठेकेदार, कार्यकर्ते आणि सोयरे तिच्यावर जगत असतात. तो माणूस बाजूला झाला की हे सगळे जाळे उघडे पडते. त्याला नवा मध्य हवा असतो आणि मुलगा, पत्नी किंवा पुतण्या हा सगळ्यांना मान्य होणारा, सर्वांत कमी भांडणाचा मध्य असतो. म्हणून वारस हा पुष्कळदा नेत्यापेक्षा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाच जास्त हवा असतो. अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासावर दाल बो बंधू आणि जेसन स्नायडर यांनी २००९ मध्ये केलेला अभ्यास याला बळ देतो: सदस्य जितका जास्त काळ पदावर राहतो तितकी त्याचा नातेवाईक पुढे काँग्रेसमध्ये येण्याची शक्यता वाढते. म्हणजे पद घराणे घडवते; गुणी घराण्याला पद मिळते ही समजूत उलटी आहे.

या मांडणीची खरी कसोटी भिवंडीच लावते, कारण भिवंडी लोकसभा मतदारसंघ या नियमाला अपवाद दिसतो. २००८च्या फेररचनेत तो तयार झाला. २००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचे कपिल पाटील, २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा. चार निवडणुका, तीन पक्ष, तीन खासदार आणि कुणीही आधीच्या खासदाराचा वारस नाही. हा मतदारसंघ नवा होता, शहर, गोदामपट्टा, कल्याण पश्चिम, शहापूर आणि मुरबाड इतके वेगळे भाग त्यात जोडलेले होते, की वाटपाचे सगळे नळ एका घराच्या ताब्यात येऊ शकले नाहीत. याहून महत्त्वाचे म्हणजे कपिल पाटील यांचा रस्ता. दिवे-अंजूरचे सरपंच, मग पंचायत समिती, ठाणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, खासदार आणि २०२१ ते २०२४ केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काहीही मत असो, ही शिडी जिवंत होती म्हणून ते चढले. घराण्याबाहेरच्या माणसाला वर येण्याचा खात्रीचा मार्ग स्थानिक स्वराज्य संस्थांतूनच जातो, हे भिवंडीने दाखवले आहे.

आणि तीच शिडी आपण मोडत आणली आहे. भिवंडी-निजामपूर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर त्या हलल्या आणि महापालिकांचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधली साडेतीन वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. या काळात नवा नगरसेवक घडला नाही, पण आमदार-खासदारांचे वजन वाढले, कारण प्रशासकाकडे जाणारा रस्ता त्यांच्याच दारावरून जात होता. बहुसदस्यीय प्रभागपद्धतीने आणखी एक अडथळा घातला. चार जणांचे पॅनेल उभे करायला पैसा आणि माणसे लागतात. गल्लीतल्या एकट्या, चांगल्या कार्यकर्त्याला एवढ्या मोठ्या प्रभागात तग धरता येत नाही. आणि निवडून आलेल्यांची निष्ठा किती पातळ असते तेही भिवंडीने पाहिले आहे. २०१७ मध्ये ९० पैकी ४७ जागा जिंकलेल्या काँग्रेसचे नगरसेवक फुटले आणि डिसेंबर २०१९ मध्ये चार नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. माजी महापौर विलास पाटील हे त्यांचे पती. बहुमताचा पक्ष पराभूत झाला आणि घराचे जाळे जिंकले.

शिडी वाचवली तरी तिच्या वरच्या टोकाला दार आहे आणि त्याची किल्ली पक्षप्रमुखाकडे आहे. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराला पक्षादेशाने बांधले, पण तो आदेश देणारा नेता कुणी निवडायचा याबद्दल कायदा गप्प आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण पक्षांतर्गत निवडणूक घेतली नाही म्हणून निवडणूक आयोग नोंदणी काढू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच नोंदणी रद्द करण्याचे आयोगाचे अधिकार अगदी मोजक्या कारणांपुरते सीमित केले. विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा असे सुचवले होते. पाव शतक उलटले. पक्षाची घटना म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पहिल्यांदा नीट वाचले ते शिवसेना फुटल्यावर. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्ष कुणाचा याचा निकाल देताना आणि विधानसभाध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये, नेमणुका कोण करतो आणि कुठली घटना नोंदीवर आहे हे पाहिले. राष्ट्रवादीतही तेच झाले. दोन्ही फुटींच्या मुळाशी वारसाहक्काची धुसफूस होती. पण फुटून बाहेर पडलेल्यांनी घराण्याची रीत मागे टाकली असे घडले नाही. २०२४ मध्ये बारामतीत लोकसभेला नणंद-भावजय आणि विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर उभे राहिले. मतदाराला निवड होती, पण एकाच घरातली.

घराण्यांच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद हलके नाहीत. पहिला असा, की मतदार त्यांना निवडतो आणि नको तेव्हा पाडतोही. २०२४ मध्ये हितेंद्र आणि क्षितिज ठाकूर दोघे पडले, अहिल्यानगरात सुजय विखे पडले, संगमनेरात १९८५ पासून जिंकत आलेले बाळासाहेब थोरात आणि कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले. हे खरे आहे आणि लोकशाहीच्या जिवंतपणाची ती खूण आहे. पण वसईत ठाकूरांच्या जागी कोण आले? स्नेहा दुबे पंडित, माजी आमदार विवेक पंडित यांची कन्या. त्या कर्तबगार असतील. मुद्दा त्यांच्या गुणांचा नाही. मतदार एका घराला घालवू शकतो, पण मतपत्रिकेवर नावे कुणाची येणार हे तो ठरवू शकत नाही. मतदानाच्या दिवशीचे स्वातंत्र्य तिकीटवाटपाच्या रात्री आधीच आकसलेले असते. दुसरा युक्तिवाद असा, की डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो तसे हे आहे. डॉक्टरच्या मुलाला परीक्षा द्यावी लागते हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. अधिक महत्त्वाचे हे की त्याला वडिलांचा दवाखाना वारशात मिळतो तेव्हा तो वडिलांनी स्वतः उभा केलेला असतो. मतदारसंघ कुणी उभा केलेला नाही. त्यातला निधी, पाणी, रस्ते आणि नेमणुका जनतेच्या आहेत.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गंभीर आहे आणि त्याला घाईत उत्तर देता येत नाही. कांचन चंद्र यांनी संपादित केलेल्या २०१६च्या अभ्यासग्रंथात दाखवले आहे की ज्यांना पक्षांनी नेहमी दाराबाहेर ठेवले, विशेषतः स्त्रिया, त्यांना कुटुंबाने आत आणले. एडीआरच्या आकडेवारीत महिला लोकप्रतिनिधींपैकी ४७ टक्के राजकीय कुटुंबांतल्या आहेत, पुरुषांत १८ टक्के. पालघरकडे पाहिले तर चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र श्रीनिवास आमदार झाले. आदिवासी समाजाला घराण्यामुळे एक परिचित आवाज मिळाला असे कुणी म्हणू शकते. पण २०२४ मध्ये पक्षाने श्रीनिवास यांना तिकीट नाकारले तेव्हा हेही दिसले की वंचित समाजातल्या घराण्याला पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवरच जगावे लागते. वरच्या घरांना स्वतःचा पाया असतो, यांना नसतो. आणि स्त्रियांच्या ४७ टक्क्यांचा अर्थ मी उलटा लावतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. हजारो स्त्रियांनी ग्रामपंचायती आणि प्रभाग सांभाळले आहेत. काही ठिकाणी कारभार पतीच्या हातात राहिला हे खरे, पण असंख्य जणी कामातून तयार झाल्या. इतका मोठा साठा हाताशी असताना विधानसभेचे तिकीट देण्याची वेळ आली की पक्ष नेत्याची पत्नी, मुलगी किंवा सून शोधतो. म्हणजे घराणे स्त्रियांना दार उघडून देते त्यापेक्षा घराबाहेरच्या हजार जणींची वाट अडवते.

मग इतर देशांनी काय केले? फिलिपिन्सने १९८७च्या राज्यघटनेतच राजकीय घराण्यांना मनाई लिहिली, पण ‘कायद्याने ठरवल्याप्रमाणे’ असे म्हटले. तो कायदा करायचा होता तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, आणि तिच्यात घराण्यांचेच बहुमत. २०१६ मध्ये युवा परिषदांपुरते बंधन आले, वरच्या पदांना ते लागू झाले नाही. नातेवाईकांवर सरसकट बंदी हा मार्ग मलाही पसंत नाही. एखाद्या नागरिकाचा उभे राहण्याचा हक्क त्याच्या आडनावावरून काढून घेणे अन्यायाचे आहे. जपानचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. तिथल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात वारसांचे प्रमाण फार मोठे होते. उमेदवार वैयक्तिक जाळ्यावर निवडून येत, ते जाळे मुलाकडे जाई. १९९४ मध्ये निवडणूक पद्धत बदलली, पक्षाचे महत्त्व वाढले आणि पुढे पक्षाने उमेदवारांसाठी जाहीर अर्ज मागवायला सुरुवात केली. डॅनियल स्मिथ यांच्या अभ्यासानुसार त्यानंतर नव्याने येणाऱ्या वारसांचे प्रमाण घटले. जुने बसलेले राहिले, पण दारातली गर्दी बदलली. म्हणजे लोहनियम वितळतो, आणि कुणाच्या हक्कावर गदा न आणता वितळतो.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय होईल? निवडणूक अधिकारी बाहेरचा आणला की काम झाले, असे मानण्याचा धोका आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका घ्यायला इथे स्वतंत्र प्राधिकरण आहे, तरी कारखान्यांत त्याच घरांची पॅनेल पुन्हापुन्हा निवडून येतात किंवा बिनविरोध होतात, कारण सभासदांची यादी आणि सभासदाचे पोट दोन्ही चेअरमनच्या हातात असतात. पक्षांचेही तसेच होईल. म्हणून पक्षांच्या सभासदांची नोंदवही सार्वजनिक आणि तपासता येण्याजोगी हवी, मतदारसंघातल्या सभासदांच्या मतदानाखेरीज दिलेल्या उमेदवारीला पक्षचिन्ह मिळता कामा नये आणि पक्षांच्या निवडणूक खर्चालाही मर्यादा हवी. आज विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाला काहीच नाही. त्याच्या जोडीला पाण्याची जोडणी, बांधकाम परवाना, दाखला या गोष्टी ठरलेल्या दिवसांत, शिफारशीशिवाय मिळाल्या पाहिजेत. २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा त्यासाठीच आहे. त्याची अंमलबजावणी हे माझ्या दृष्टीने घराणेशाहीविरुद्धचे सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे. नळासाठी साहेबांकडे जावे लागले नाही तर साहेबांच्या मुलाला मत देण्याचे एक कारण कमी होते.

या सुधारणांना आता मुदत आहे. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर त्या प्रत्यक्षात येतील. महाराष्ट्र विधानसभेच्या आजच्या २८८ जागा धरल्या तरी ९६ आमदार स्त्रिया असतील. तिकीट देण्याची पद्धत आजचीच राहिली तर त्या ९६ जागांसाठी पहिली यादी सध्याच्या आमदारांच्या घरांतून तयार होईल, आणि टेमघरसारख्या ठिकाणी दोन-दोनदा प्रभाग सांभाळलेल्या स्त्रीचे नाव त्या यादीत नसेल.